चौथीनंतरची नोंद

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या लहान गावांत जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथीपर्यंत असते, कुठे पाचवीपर्यंत. त्यानंतर मूल शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत जाते, आश्रमशाळेत जाते, किंवा कुठेच जात नाही. या वाटेवर त्याच्यासोबत एकच कागद असतो, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर नाव, जात, जन्मतारीख, मातृभाषा, प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण असे रकाने असतात. जन्मतारीख पुष्कळदा १ जून किंवा १ जुलै, कारण नाव घालताना ती गुरुजींनीच ठरवलेली. प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली, कारण पुढील शिक्षणासाठी. चार वर्षे शिकवणाऱ्या गुरुजींना मुलाविषयी याहून कितीतरी जास्त ठाऊक असते. हे मूल घरी माडिया बोलते, मोहफुलाच्या दिवसांत धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबते, त्याला गुणाकार येतो पण मराठीत घातलेले उदाहरण कळत नाही. यातले काहीही दाखल्यावर उतरत नाही. मातृभाषेचा रकाना भरलेला असतो. तो पाचवीच्या वर्गशिक्षकाने वाचून काही वेगळे करावे, अशी अपेक्षा मात्र कुणी ठेवलेली नसते. या दोन जिल्ह्यांच्या शालेय इतिहासात नोंदींचा दुष्काळ कधी नव्हता. नोंद ठेवणारा आणि मुलाला ओळखणारा माणूस एकच असावा, याचा दुष्काळ होता. जिथे हे दोघे एक झाले तिथे मूल टिकले, आणि मधल्या इयत्तांच्या आधी ते हमखास वेगळे होतात, असे माझे म्हणणे आहे.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि लवकरच प्रांताचे शिक्षणखाते उभे राहिले. जिल्हा अवाढव्य होता, १८७४ मध्ये सिरोंचाचा गोदावरीकाठही त्याला जोडला गेला, आणि अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांत मैलोगणती जंगल पसरलेले होते. अशा मुलखात शाळा तपासायला येणारा अधिकारी वर्षातून एखाददा यायचा आणि पाहायचा काय, तर पटावर किती, हजर किती, पास किती. त्या काळी इंग्लंडात १८६२ पासून निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली होती. १८८२ च्या हंटर आयोगाने हिंदुस्थानातल्या खासगी प्राथमिक शाळांसाठी तिचाच पुरस्कार केला. १९०४ मध्ये कर्झनच्या सरकारने ती मागे घेतली तोवर दोन दशके गेली होती. मुलाच्या डोक्यावर पैसे आणि पैशांसाठी आकडा, हे गणित शाळेत रुजले ते या काळात. त्याच हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले होते. त्यांचा एक मुद्दा साधा होता: प्राथमिक शाळेचे शिक्षक शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, कारण मुलांत मिसळणारा आणि त्यांच्या गरजा ओळखणारा शिक्षक त्यांना हवा. एकाच आयोगापुढे, एकाच वर्षी, दोन्ही वाटा होत्या. सरकारने आकड्याची वाट धरली.

प्रांतिक स्वराज्याच्या काळात ही चूक दुरुस्त करायचा प्रयत्न झाला, तोही चांद्याच्या शेजारीच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने सात वर्षांच्या मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा मांडला. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. शाळेला जमीन मिळावी, तिच्या उत्पन्नावर शिक्षकाचा पगार निघावा, म्हणजे शिक्षक गावाचा होईल, अशी कल्पना. योजना नावावरून वादात सापडली, १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती मागे पडली. तिचे यश फार नव्हते, हे मान्य करावे. पण सात ते चौदा हे एकसंध वय आहे आणि त्याच्या मधोमध शाळा बदलणे हाच मोठा धोका आहे, हे तेव्हा कागदावर तरी आले होते. पुढे चार अधिक तीन अशी जी विभागणी झाली ती मुलाच्या वयाकडे पाहून झालेली नाही. लहान गावाला किती वर्ग परवडतात यावरून ती ठरली.

खरा धडा मात्र जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडे मिळाला. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुढे तो नांदेडमार्गे १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. त्या आदिलाबादमध्ये १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांच्या उठावाचा नेता कोमरम भीम निजामाच्या पोलिसांकडून मारला गेला. जमीन आणि जंगल यांवरून पेटलेला तो उठाव दडपल्यावर निजाम सरकारला गोंडांची खबरबात घ्यावीशी वाटली आणि ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ मार्लवाई गावात येऊन राहिले. त्यांच्या सल्ल्याने १९४३ मध्ये गोंड शिक्षण योजना सुरू झाली. मार्लवाईत शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. त्यात घेतलेले तरुण गोंडच होते, बहुतेकांना जेमतेम लिहिता-वाचता येणारे. पुस्तके गोंडीत केली आणि ती देवनागरीत छापली, कारण त्या भागातले गोंड बाजारात आणि कचेरीत मराठीवर निभावून नेत. हे तरुण शिकून आपापल्या भागातल्या गावांत शिक्षक म्हणून गेले. पुढे याच केंद्रातून पटवारी आणि जंगलखात्यातले कर्मचारीही घडले.

मार्लवाईकडे सहसा भाषेचा प्रयोग म्हणून पाहिले जाते. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. हायमेनडॉर्फ हे नोंदी ठेवणारे गृहस्थ होते. कुणाचे कोणत्या घराण्याशी सोयरसंबंध, कुणाकडे किती जमीन, कुणाची गेली, कोणत्या देवाचा कोण, हे सगळे त्यांनी टिपून ठेवले. 'ट्रायबल हैदराबाद' आणि 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' ही त्यांची पुस्तके त्यातूनच झाली. म्हणजे माहिती आधी होती, शाळा नंतर आली, आणि शाळेत गेलेला शिक्षक त्या माहितीतल्या कुटुंबांचाच होता. मूल आले नाही तर का आले नाही हे विचारायला त्याला दुभाष्या लागत नव्हता. योजना टिकली नाही. संस्थान गेले, राज्यांची पुनर्रचना झाली, प्रादेशिक भाषेपुढे गोंडी मागे पडली. पण ती सरकारी योजना होती आणि सामान्य तरुणांवर चालली, हे विसरू नये. पुढच्या एका आक्षेपाला उत्तर देताना हे लागेल.

महाराष्ट्रात आल्यावर चांद्याच्या शाळा १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे गेल्या. चांद्याचे चंद्रपूर झाले, २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. जंगलातल्या मुलांसाठी दुसरी वाट आश्रमशाळेची होती. तिचे मूळ ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोदला काढलेल्या भिल्ल सेवा मंडळापर्यंत जाते. १९७० च्या दशकात राज्याने स्वतः आश्रमशाळा चालवायला घेतल्या आणि १९८३ मध्ये आदिवासी विकास विभाग स्वतंत्र झाला. कल्पनेत खोट नव्हती. भामरागड किंवा एटापल्लीच्या आत, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गाव जगापासून तुटते, तिथे पाचवीच्या मुलाने रोज चालत शाळेत जावे हे शक्य नाही. राहण्याची सोय करावीच लागणार होती. पण सोबत एक जुनी सवयही आली. निवासी शाळेत पटावरची संख्या म्हणजे धान्य, तेल, कपडे. अनुदानित संस्थेला तर दर मुलामागे परिपोषण अनुदान मिळते. त्यामुळे हजेरीपटाचा पहिला वाचक प्रकल्प कार्यालयातला लेखापाल झाला. अधीक्षक आणि कामाठी या मुलांना रात्री सांभाळतात, वर्गशिक्षक दिवसा शिकवतात, आई-वडील पन्नास मैलांवर. मुलाला ताप आला, ते रडले, पळून घरी गेले, या तीन गोष्टी तीन वेगळ्या माणसांना ठाऊक होतात आणि त्या एका जागी कधीच येत नाहीत.

याच भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहू लागले. दवाखाना आधी आला. शाळा निघाली १९७६ मध्ये. हा क्रम महत्त्वाचा आहे. शाळा येईपर्यंत माडियांच्या घरांत दवाखान्याची ओळख झालेली होती, कोणत्या गावचा कोण हे माहीत होते, भाषा कानावर पडून गेली होती. मुले त्या शाळेतही पळून जात असत. फरक एवढाच की पळून गेलेल्या मुलाचे गाव आणि घर शाळेला ठाऊक असे. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून हेमलकशाची गोष्ट त्यागाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. त्यागाचा आदर करावा, पण त्या गोष्टीत कामाची रीत झाकून जाते, याची मला खंत वाटते.

रीतच पाहायची तर गडचिरोलीजवळच्या 'सर्च'कडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ही संस्था शाळेची नाही, नवजात बाळांची आहे. तरीही शाळेने शिकावे असे सर्वाधिक तिथेच आहे. गावात किती बाळे जन्मली आणि किती गेली हा आकडा सरकारदरबारी होता. तो खोटा होता असे नव्हे, तो अपुरा होता. जन्मून दोन दिवसांत गेलेले बाळ पुष्कळदा कुठेच लिहिले जात नसे, कारण लिहिणारा त्या घरात जात नव्हता आणि घराने त्याला जाऊन सांगावे असे काही कारण नव्हते. सर्चने गावातल्याच बायकांना, ज्यांचे शिक्षण जेमतेम मधल्या इयत्तांचे, तयार केले. त्या आरोग्यदूत गरोदर बाईच्या घरी आधीपासून जात, बाळंतपणाला हजर राहत, बाळाचे वजन आणि ताप टिपत, आणि नोंदीत धोक्याचे चिन्ह दिसले की स्वतःच उपचार सुरू करत. ३९ गावांत हे काम झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला तेव्हा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे जगाने वाचले. पुढे २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्याचे बालमृत्यूचे आकडे किती कमी दाखवले जातात तेही उघड केले. इथे तीन गोष्टी एकत्र होत्या: नोंद घेणारी बाई त्या घराला ओळखत होती, नोंद तिच्याच हाती राहत होती, आणि त्या नोंदीवर काय करायचे हे तिला शिकवलेले होते. शिवाय वरचे पर्यवेक्षक ठरावीक दिवसांनी गावात येऊन ती तपासत. यातली एक गोष्ट काढली तरी बाकीचे डळमळते.

आता शाळेत परत येऊ. पहिला आक्षेप जोरदार आहे आणि तो टाळता येणार नाही. ओळखीच्या माणसाच्या हातात नोंद दिली की ती सोयीची होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. नांदेड जिल्ह्यात पटावरची मुले आणि वर्गातली मुले यांत मोठी तफावत सापडल्यावर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, मतदारांना लावतात तशी. लाखो नावे बोगस निघाली. ही नावे कुणी परक्याने घातलेली नव्हती. गावच्या संस्थाचालकाने आणि गावच्या मुख्याध्यापकाने घातलेली होती. मग नात्यावर भरवसा कशाला? माझे उत्तर असे की त्या पटात नाते कुठेच नव्हते. नसलेल्या मुलाशी नाते असूच शकत नाही. पट फुगला कारण त्यावर तुकडी, पद आणि अनुदान अवलंबून होते, आणि त्या पटाकडे मुलाच्या दृष्टीने पाहणारा वाचक एकही नव्हता. आईने पाहिला असता, ग्रामसभेत वाचला गेला असता, तर तो महिनाभरही टिकला नसता. बाहेरची तपासणी हवीच, सर्चमध्येही ती होती. पण बोटाला शाई लावून होते ती शिरगणती. त्यातून सातवीतली मुलगी फेब्रुवारीत का दिसेनाशी होते हे कळत नाही.

पटपडताळणीआधी वर्षभर, ऑगस्ट २०१० मध्ये, राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले होते. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले, मग शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात असे ठरले. आकड्याच्या जागी निरीक्षण: कागदावर तरी याहून चांगली योजना कुणी मागू नये. प्रत्यक्षात काय झाले हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. विषयवार तयार नोंदींची पुस्तके निघाली, पुढे त्या मोबाईलवरून फिरू लागल्या, आणि 'स्वतःचे विचार मुद्देसूद मांडतो' हे वाक्य सिरोंचापासून सिंधुदुर्गापर्यंत हजारो मुलांच्या नावापुढे चढले. शिक्षक आळशी होते म्हणून असे झाले, हे सोपे उत्तर मला पटत नाही. त्या नोंदी कोणी वाचणार नव्हते. वाचणारा असता तर तो पाचवी किंवा आठवीचा पुढचा शिक्षक असता, आणि त्याच्यापर्यंत त्या पोचवायची व्यवस्थाच नव्हती. मुलासोबत जात होता तो जुनाच दाखला.

२०१५ पासून 'सरल' प्रणाली आली आणि प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरणे सुरू झाले. केंद्राच्या यू-डायसमध्येही आता मुलागणिक नोंद होते. त्याचा फायदा खरा आहे. एक मूल दोन शाळांत दाखवणे अवघड झाले, आणि मूल एका शाळेतून दुसरीत गेले की नवी शाळा मागणी करते, जुनी ती मान्य करते, आणि नाव सरकते. ज्यांची मागणी कुठूनच येत नाही अशी नावे यू-डायसमध्ये ड्रॉपबॉक्स नावाच्या खणात जाऊन पडतात. म्हणजे चौथीनंतर कोण हरवले हे आता गटशिक्षणाधिकाऱ्याला बसल्या जागी दिसू शकते. १८६१ पासून जे कधीच दिसले नव्हते ते. पण त्या खणातल्या नावाच्या घरी कोण जाणार? चौथीचे गुरुजी म्हणतात, आमच्याकडून दाखला गेला. पाचवीचे म्हणतात, आमच्याकडे आलाच नाही. दोघेही खरे बोलतात. दरम्यान याच आकड्यांवरून संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची पदे ठरतात. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १३०० शाळा बंद करण्याचा निर्णयही पटाच्याच आकड्यावर झाला. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात गावेच लहान, त्यामुळे शाळाही लहान. सहा मुलांची शाळा खर्चिक असते हे खरे. पण त्या सहा मुलांची घरे ठाऊक असलेला एकमेव सरकारी माणूस तिथेच बसलेला असतो, हे कोणत्याही रकान्यात येत नाही.

आकडे वाचायला बसले तर ते किती बोलतात याची कल्पना यावी म्हणून या दोन जिल्ह्यांचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी असते आणि पाचवी ते आठवीच्या मुलींची हजेरी घसरते, कारण आई बांधीत गेली की घर मुलीवर. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात आणि दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा. त्याची चिंता करण्याचे कारण नाही. जानेवारीपासून कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्या काळात गैरहजर झालेले मूल पंधरा दिवसांत परतले नाही तर ते मार्चमध्येही परतत नाही, आणि त्याच्यासाठी हंगामी वसतिगृह आधीच उघडावे लागते. मार्च-एप्रिल मोहफुलाचे, मे तेंदूपत्त्याचा. हजेरीपटावरच्या चार सारख्या दिसणाऱ्या गैरहजेऱ्यांचे हे चार वेगळे अर्थ आहेत, आणि ते मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या संगणकाला सांगता येणार नाहीत. केंद्रप्रमुखाला येतील, तो त्या भागातला असेल तर. उलट त्याला आकडा दिलाच नाही तर तोही ऐकीव समजुतीवर चालेल आणि मंडईच्या गैरहजेरीसाठी पालकांना नोटीस देईल. ओळख आंधळी होऊ नये म्हणून आकडा लागतो, हे नात्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप असा येतो की हे सगळे असामान्य माणसांचे काम आहे. आमटे, बंग, हायमेनडॉर्फ प्रत्येक तालुक्याला मिळत नाहीत. नकोतच. मार्लवाईच्या शाळा चालवणारे तरुण असामान्य नव्हते, आणि सर्चच्या आरोग्यदूतही नव्हत्या. सर्चची पद्धत २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींत आली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, आणि त्यांच्या अंगणवाडीचे नाव पुढे सगळ्या देशाने घेतले. असामान्य माणसाने शोधलेली रीत सामान्य माणसाला करता येते, अट एवढीच की रीत उचलावी, माणसाचा फोटो नव्हे. तिसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: गोंडी-माडियाचे लाड करून मुलगा तहसीलदार होणार आहे का? त्याला मराठी आणि इंग्रजी यावी, परीक्षा पास व्हावी, नोकरी लागावी. बरोबर आहे. पण सहावीत मराठीतले गणित न कळल्याने मागे राहिलेला मुलगा त्या परीक्षेपर्यंत पोचत नाही. त्याची मातृभाषा नोंदलेली होती. ती वाचून कुणी सहावीत त्याला दोन महिने आधार दिला असता तर तोच मराठीत पुढे गेला असता. २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली आहे. आता तर हा आधार वेळेवर मिळणे जास्तच निकडीचे झाले.

नाते आणि नोंद यांची फारकत किती टोकाला जाते याचे आजचे उदाहरण धानोरा तालुक्यातले मोहगाव. तिथल्या ग्रामसभेने २०१९ पासून गोंडी माध्यमाची शाळा चालवली, तिचे नाव पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. शिक्षक ओळखीचे, भाषा घरची, शाळा गावाची. पण शिक्षण विभागाच्या मान्यताप्राप्त यादीत ती नव्हती, म्हणून तिला अनधिकृत ठरवून नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. सरकारी हिशेबात तिथली मुले शाळाबाह्य, आणि गावाच्या हिशेबात रोज शाळेत. कायद्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मान्यता नसलेल्या शाळेतून आठवीनंतर मूल कुठे जाईल, त्याला दाखला कोण देईल, हे प्रश्न खरेच आहेत. पण त्याच विभागाच्या यादीतल्या कितीतरी शाळांत नोंद पक्की आहे आणि ओळख नाही. त्यांना नोटीस जात नाही. मोहगावला मान्यता देऊन वर्षातून दोनदा तपासणी लावणे शक्य होते, आणि तेच योग्य होते असे माझे मत आहे.

ग्रामसभेचा उल्लेख आला म्हणून शेवटचे. याच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाने अभ्यासगट चालवून, माहिती गोळा करून, तिच्यावर सगळ्या गावाची चर्चा घडवून २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवानाही स्वतःच्या हाती घेतला. जंगलाची मोजदाद गाव करू शकते, तर आपल्या पाचवी ते आठवीच्या मुलांची का नाही? १९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे २०१४ चे राज्याचे नियम अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर नियंत्रण देतात; शाळा त्यातच येते. तेव्हा येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक विषय जरूर घ्यावा. गेल्या तीन वर्षांत आपल्या गावातून चौथी पूर्ण केलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून मागवावी, नाव वाचावे आणि ते मूल आज कुठल्या शाळेत, कुठल्या इयत्तेत आहे ते तिथल्या तिथे लिहावे. ज्या नावापुढे उत्तर मिळणार नाही त्याच्या घरी चौथीचे गुरुजी आणि आश्रमशाळेचे किंवा मिडलचे वर्गशिक्षक दोघांनी मिळून जावे, असा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना पाठवावा. ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि पुढच्या २६ जानेवारीला तीच यादी पुन्हा वाचावी.